साडेतीनशे घोड्यांची फॅमिली गाडी पुण्यात घ्यावी का?

प्रश्न : घरात पाच माणसं : आम्ही दोघं, नऊ आणि तीन वर्षांची दोन मुलं आणि आई. बाणेर ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, महिन्यातून एक-दोनदा कोल्हापूर किंवा महाबळेश्वर. आता १.२ लिटरची छोटी गाडी आहे. ३६० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), सहा सिलिंडरची आयात एसयूव्ही मनात भरली आहे. घरचे म्हणतात, इथे बनणारी दोनशे पीएसची गाडी पुष्कळ झाली. पैशांची जुळवाजुळव दोन्हीकडे होईल. काय करावं?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : घरच्यांचं ऐका. मोठं इंजिन वाईट म्हणून नव्हे, त्या इंजिनाबरोबर जी चाकं येतात त्यांच्यामुळे. ते पुढे सविस्तर सांगतो, आधी ताकदीचा हिशोब.

जाहिरातीतला पीएसचा आकडा एकटा बघू नका. भरलेल्या गाडीच्या वजनाने त्याला भागा. दोनशे पीएसची मोठी एसयूव्ही रिकामी सुमारे १.८ टनांची असते. पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो धरले, तर टनामागे साधारण ९० पीएस उरतात. दीडशे पीएसची, १.३ टनांची मध्यम एसयूव्ही तेवढंच ओझं घेऊन निघाली तरी आकडा जवळपास तोच येतो. म्हणजे पन्नास पीएस जास्त मोजून पिकअप तसाच राहतो. जागा आणि रस्त्यावरची भक्कम पकड मात्र मिळते. ३६० पीएस आणि दोन टनांच्या गाडीत हाच आकडा दीडशेच्या घरात जातो. हा फरक पहिल्या दहा सेकंदांतच कळतो, त्यात वाद नाही.

पण तो वापरायचा कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कमाल वेग १०० आणि घाटात ६०. कॅमेरे जागोजागी आहेत आणि ते दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. त्यामुळे कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढे पळण्याची युक्ती आता चालत नाही. बाणेर-हिंजवडी रस्त्यावर तर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची संधी मिळाली तरी नशीब. खरी गरज पडते ती ताम्हिणी किंवा पसरणीच्या घाटात, पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि समोर शंभर-दीडशे मीटर मोकळा रस्ता असताना. तिथे शून्य ते शंभर या आकड्याचा काही संबंध नाही. तीस-चाळीसवरून सत्तरवर गाडी किती लवकर जाते, ते महत्त्वाचं. त्यासाठी दोन हजार आरपीएमच्या आसपास भरपूर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) लागतो. महिंद्राचं २ लिटर टर्बो पेट्रोल ३८० न्यूटन मीटर देतं, २.२ लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ४५० देतं. एवढ्यावर घाट निवांत चढतो. महाबळेश्वरच्या उंचीवर बिनटर्बोचं इंजिन विरळ हवेमुळे दहा-बारा टक्के मंदावतं, टर्बोला तो त्रास फारसा होत नाही. तुमच्या १.२ लिटरला टर्बो नसेल, तर आज घाटात होणाऱ्या दमछाकीत याचाही वाटा आहे. त्या अनुभवावरून ३६० पीएसची गरज ठरवू नका.

आता चाकांकडे. जास्त ताकदीच्या गाडीला मोठे ब्रेक लागतात, मोठ्या ब्रेकला मोठी रिम, आणि रिम मोठी झाली की टायरची भिंत आखूड होते. टायरवर २३५/६० आर१८ लिहिलेलं असेल तर भिंतीची उंची २३५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिलिमीटर. २७५/४० आर२० असेल तर ११०. तीन सेंटिमीटर रबर आणि हवा कमी झाली. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या, कड धारदार असलेल्या खड्ड्यात चाक आपटलं की भिंत रिम आणि कडेमध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. टायर फुटत नाही, दोन दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा दिसतो. हा फुगा दुरुस्त होत नाही. पंक्चरवाला आतून पॅच लावून देतो म्हणाला तरी लावून घेऊ नका, एक्स्प्रेसवेवर तो टायर फुटायचा कधी ते सांगता येत नाही.

पुढचं दुखणं विम्याचं. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत टायरची भरपाई तेव्हाच मिळते, जेव्हा त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालेलं असतं, आणि तेव्हाही निम्मीच. नुसता फुगा आला तर हातात काही पडत नाही. टायरचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि त्यात फुगा धरला आहे का हे शब्दशः वाचून घ्या. शिवाय बऱ्याच दमदार गाड्यांत पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद असतात. मग ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, तर टायरांच्या झिजेत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर ट्रान्स्फर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागातला) क्लच सतत घासत राहतो. म्हणजे अर्ध्या आयुष्यातला एक टायर गेला की दोन, कधी चारही बदलायची वेळ येते. आणि स्टेपनी? बहुतेक वेळा एकतर बारीक, ताशी ८० पर्यंतची, किंवा नसतेच. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावर ताशी ८०च्या आत साधारण ८० किलोमीटर चालतो. रविवारी संध्याकाळी वाईजवळ ते घडलं आणि तुमचा साइझ पुण्यातही मागवावा लागणारा असेल, तर रात्र तिथेच.

कराचं गणित सरळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून ५० टक्के होता. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. आयात गाडी किंवा कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर २० टक्के. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. पंचवीस लाखांच्या पेट्रोल गाडीला सव्वातीन लाख, एक कोटीच्या आयात गाडीला वीस लाख. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूम जो एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ वसूल होणारा आयकर) घेतं, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घ्या. बरेच जण विसरतात. सीएने ‘फर्मच्या नावावर घ्या’ सांगितलं असेल, तर वर्षाला मिळणारा १५ टक्के घसारा आणि जास्तीचा रोड टॅक्स दोन्ही कागदावर मांडायला सांगा. अशा गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करून घेणं (इनपुट क्रेडिट) सहसा जमत नाही.

इंधनाचं म्हणाल तर वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि लिटरला १०४ रुपये धरू. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी वर्षाला सव्वा लाखाचं पेट्रोल पिते, ७ देणारी पावणेदोन लाखांच्या थोडं वर. फरक साडेत्रेपन्न हजारांचा. कोटीची गाडी घेणाऱ्याला हा आकडा जड नाही, म्हणूनच आम्ही त्यावर भर देत नाही. टायर आणि गैरसोय यांचा त्रास जास्त होतो.

दोनशे पीएसच्या वर्गात पेट्रोल की डिझेल? रोजचं अंतर दहा-पंधरा किलोमीटर आणि तेही रांगत, म्हणजे डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) काजळी साचणार. ती जाळायला एग्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं ताशी ६०च्या वर सलग चालवावं लागतं. तुमची महिन्याची कोल्हापूरची फेरी ते काम करते. ती फेरी बंद पडण्याची शक्यता असेल तर पेट्रोल घ्या.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आईंना चढ-उतार जमतो का बघा. लहान मुलाची सीट घरून घेऊन जा आणि आयसोफिक्सला (मुलांची सीट अडकवायच्या कड्यांना) लावून बघा, मग उरलेल्या जागेत आई आणि मोठं मूल बसवा. तिघांचे पट्टे खरंच लागतात का? बऱ्याच रुंद दिसणाऱ्या गाड्या इथेच हरतात. गाडी हायवेवर पळवण्यापेक्षा उखडलेल्या रस्त्यावर ताशी २५-३०ने चालवा आणि तेव्हा स्वतः मागे बसा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, म्हणजे पसरट असावा. आपल्या गल्लीतले तसे नसतात. कडक सस्पेन्शनच्या गाडीत अशा चार उंचवट्यांनंतर मागच्यांची कंबर बोलते, आणि घाटात चटपटीत चालवलं की मुलांना गाडी लागते. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची ते मागे बसणार आहेत, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

तरीही मन ऐकत नसेल तर आयात गाडीऐवजी भारतात जोडलेली बघा, म्हणजे करात सात टक्के वाचतील. चारही टायर एका मापाचे असावेत. २४५/४५ आर२० ऐवजी २४५/५० आर१९ कंपनीच्याच पर्यायांत मिळत असेल तर ते घ्या : एकूण व्यास जवळपास तोच राहतो आणि भिंत १२ मिलिमीटरने वाढते. सस्पेन्शन मऊ-कडक करता येणारं हवं. आणि खड्ड्याच्या कडेला पोचल्यावर ब्रेक सोडा. दाबलेल्या ब्रेकने नाक खाली जातं आणि पुढचं चाक जास्त जोरात आपटतं.

प्रश्न : नव्या देशी एसयूव्हीच्या किमतीत पाच वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही मिळते आहे. कागद स्वच्छ दिसतात. घ्यावी का? काय तपासावं?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : विकत घेताना किंमत निम्मी होते, सुट्या भागांची होत नाही, एवढं आधी पक्कं धरा. गाडीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे वाचा.

पहिलं, पाणी. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर तुमच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत गाड्या बुडाल्या, हे तुम्हाला सांगायला नको. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरातून फिरून येतात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, गालिच्याखालचा फोम हाताने दाबला तर ओला लागतो का, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर आहे का, हे बघा. विम्याचा क्लेमचा इतिहास मागा.

दुसरं, गाडी थंड असताना बघायला जा आणि ‘आम्ही यायच्या आधी सुरू करू नका’ असं सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिनाला पहिल्या काही सेकंदांत चेनची खडखड येते का, निळसर धूर येतो का, हे गरम इंजिनात कळत नाही. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक जोडांजवळ वाळलेल्या कूलंटची गुलाबी-पांढरी खपली दिसली तर ते काम दारात उभं आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे तिथे काजळी बसते. अडखळत आयडल होत असेल तर तेही एक कारण असू शकतं.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. गाडी धक्के देत अडखळली तर टायर बेजोड आहेत किंवा ट्रान्स्फर केस गेला आहे. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही चाकांवर कमानीची उंची मोजून ठेवा आणि सकाळी परत मोजा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळते आहे. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्कची आजची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून तिच्याशी ताडून बघा. टायरवरचे चार आकडे पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३४२२’ म्हणजे २०२२चा चौतिसावा आठवडा. वेट क्लच डीएसजी (तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर ऑइल बदलाची पावती मागा, नसेल तर बदललेलं नाही असंच समजा. स्कॅनिंग त्या कंपनीच्या गाड्यांसाठीच्या उपकरणावर करा, कारण किलोमीटर मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात आणि मागे फिरवणारा सगळीकडे पोचत नाही.

कागदांत कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी. दिल्लीची स्वस्त डिझेल दाखवत असतील, तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, तिकडचा परतावा मिळवायची खटपट तुमची. ई-चलन थकलेली नाहीत ना, तेही बघून घ्या.

एवढं सगळं पार पडलं आणि कंपनीची वाढीव वॉरंटी अजून शिल्लक असेल, तर घ्यायला हरकत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर आमचा सल्ला नको असाच.

प्रश्न : माझ्या १.५ टर्बो पेट्रोल, सात गिअर डीएसजी गाडीला रीमॅप करून (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून) ४० पीएस वाढवून देतो म्हणतात. शिवाय शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाका म्हणतात. करू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : रीमॅप नको. त्या गाडीतला ड्राय क्लचचा (तेलात न बुडालेल्या क्लचचा) डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि इंजिन कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे गिअरबॉक्स आधीच काठावर आहे. चाकणच्या रांगेत अर्धवट क्लचवर सरकताना तो आताच तापतो, वर आणखी टॉर्क दिला की क्लच लवकर जातो. सॉफ्टवेअर परत मूळचं टाकलं तरी ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) बदलाची खूण राहू शकते आणि वॉरंटीचा प्रश्न येतो. विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी तिथेही अडचण. रांगेत पुढच्या गाडीला गाडी चिकटवू नका, दोन गाड्यांचं अंतर पडू द्या आणि मग एकदाच पुढे घ्या. क्लचला त्याचा खरा फायदा होतो.

शंभर ऑक्टेनबद्दल : इंधनाच्या झाकणामागे ९१ किंवा ९५ लिहिलेलं असेल तर पैसे वाया. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) रोखायची ताकद, इंजिनाची ताकद नव्हे. साध्या ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) ऑक्टेनही ९५ असतो. इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० मध्ये इथेनॉल नाही, त्यामुळे ॲव्हरेज पाच-सहा टक्के सुधारेल. दर मात्र दीडपट. चार-सहा महिने गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकीत ते भरून ठेवणं ठीक, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

प्रश्न : पिकअप हवा, सात-आठ लाख जास्त गेले तरी चालतील. इलेक्ट्रिक एसयूव्ही बघतोय. आमच्या सोसायटीत पझल पार्किंग (गाड्या वर-खाली, आजूबाजूला सरकवणारं यांत्रिक पार्किंग) आहे. काय बघावं?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : पिकअपच हवा असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका. टाटाच्या २०२५च्या हॅरियर ईव्हीचं चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल शून्य ते शंभर ६.३ सेकंदांत जातं असं कंपनी सांगते, टॉर्क ५०४ न्यूटन मीटर. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई चा आकडा ६.८ सेकंद आणि २१० किलोवॅट. हे तीसेक लाखांत. पेट्रोल एसयूव्हीत एवढा पिकअप घ्यायचा तर किंमत याच्या दुपटीच्या पुढे जाते.

मात्र बुकिंगच्या आधी पझल पार्किंगच्या खांबावरची पाटी वाचा. त्यावर पॅलेटची (गाडी उभी राहते त्या लोखंडी पाटाची) क्षमता (बहुधा २००० किंवा २५०० किलो), कमाल उंची, रुंदी आणि लांबी असते. या गाड्यांचं वजन दोन टनांच्या पुढे जातं, म्हणजे २००० किलोच्या पॅलेटवर त्या चढवताच येणार नाहीत. ९ई ची रुंदी १९०७ मिलिमीटर, तीही आरसे सोडून. अडीच मीटरच्या साध्या जागेतही दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटरच्या आत जागा उरते, दार पुरतं उघडत नाही. पॅलेटच्या कडा उभ्या असतात, अलॉय घासतात ते तिथेच. आणि हलणाऱ्या पॅलेटवर चार्जरची वायर नेता येत नाही. सोसायटीने जमिनीवरची, न हलणारी जागा चार्जिंगला दिली तरच विचार करा, आणि ठराव लेखी घ्या.

घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तर ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी दहा-अकरा तासांत भरते. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर पुरती भरायला चोवीस तासही कमी पडतात. ३२ अँपिअरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. वायर लांबवर न्यायची असेल तर १० चौरस मिलिमीटरची घ्या. घरच्या मीटरवरून ओढू नका, वरच्या स्लॅबचा दर लागेल. ईव्हीसाठी वेगळं मीटर महावितरणकडून मिळतं. युनिटला ९ रुपये आणि युनिटमागे सहा किलोमीटर धरले, चार्जिंगमधली गळती मिळवली, तरी १२ हजार किलोमीटरला वीस-बावीस हजार रुपये.

एक्स्प्रेसवेवर पाच माणसं आणि एसी धरून साडेतीनशे ते चारशे किलोमीटर हिशोबात घ्या, जाहिरातीतला आकडा नको. आणि महाबळेश्वरला हॉटेलात रात्री चार्जिंगला लावली तर शंभर टक्के भरू नका, ८५ला थांबवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ब्रेकिंगची वीज परत घ्यायला जागा नसते, मग पसरणी घाटाच्या पहिल्या उतारावर सव्वादोन टनांची गाडी नुसत्या ब्रेक पॅडवर धरावी लागते.